भट्टी फुटली, पिणाऱ्याचं काय?

(जाफराबाद येथे झालेल्या संघटनेच्या तालुका शिबिरात आरोग्य गटाच्या कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे. ज्या गावचे लोक शिबिराला येऊ शकले नाहीत, त्यांनी हा अंक गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.)



सकाळपासून इथं गायरानाच्या आणि वनजमिनीच्या दाव्यांवर बोलणं चाललं. कुणाची एक-ई ला नोंद आहे, कुणाकडं वनखात्याच्या दंडाच्या पावत्या आहेत, कुणाचा पंचनामा राहिलाय, सगळं झालं. आता दारूवर बोलायचं म्हटल्यावर मागचे दोन-चार दादा बिडी प्यायला उठले. बसा दादा, बसा. मी कुणाला शिव्या द्यायला उभी नाही. दारू वाईट आहे हे सांगायलाही उभी नाही. ते तुमच्या घरच्या बायांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलेलं आहे.

मला एवढंच सांगायचंय, की ज्याला दारूनं धरलंय त्याची सुटका कशी होते. दवाखान्यात काय करतात, घरच्यांनी काय करायचं, आणि गावानं काय करायचं. आपल्याकडं भट्टी फोडायची रीत आहे, दंड करायची रीत आहे, देवापुढं शपथ घालायची रीत आहे. पण शपथ घेतलेल्या माणसाचं दुसऱ्या दिवशी काय होतं, तिसऱ्या दिवशी काय होतं, हे बघायची रीत आपल्याकडं नाही. ती पाडायची आहे.

कुणी विचारील, जमिनीच्या शिबिरात हा विषय कशाला? तर त्याचं उत्तर तुमच्याच वस्तीवर आहे. दंडाची पावती हा आपला पुरावा. ती पावती पत्र्याच्या पेटीतून निघून दुकानदाराकडं गहाण पडते, ती कशापायी? तारीख असते तहसीलला, आणि दावेदार असतो नाल्याकाठी झोपलेला, तो कशापायी? ऊसतोडीची उचल मुकादमाकडून घेतो, त्यातली निम्मी घरी पोचायच्या आत संपते, मग त्या उचलीसाठी नवरा-बायको दोघांचा कोयता सहा महिने गुंतून पडतो. मागं राहिलेलं गायरान पेरायला माणूस नाही. पडीक दिसलं की पंचनाम्यात लिहिलं जातं, की कब्जा नाही. महसूल कायद्याच्या ३६ आणि ३६-अ कलमानं आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही. पण आपल्यातल्या पुष्कळांच्या हातात अजून सातबाराच नाही, नुसता कब्जा आहे. कब्जा टिकतो तो माणूस शेतात उभा आहे म्हणून. माणूस आडवा झाला की कब्जाही आडवा होतो.

आता जरा मागचं बघू. आपल्याला म्हणतात, आदिवासी म्हणजे पिणारच. मोहाची दारू देवाला चालते, लग्नात चालते, मयतीला चालते, हे खरं आहे. पण ती वर्षातल्या ठरल्या दिवसांची होती. मोह आपला, मडकं आपलं, आणि पैशाचा व्यवहार नाही. इंग्रजांच्या मुलखात १८७८ साली अबकारी कायदा आला. घरी गाळणं गुन्हा झालं, गाळायचा आणि विकायचा मक्ता सरकार लिलावानं देऊ लागलं. ठाणे-कुलाब्याकडं तर १८९२ च्या कायद्यानं मोहाची फुलं साठवण्यावरही बंधनं आली. जी वस्तू घरची होती ती विकत घ्यायची झाली. पैसा नसला की उधारी, आणि उधारीपायी जमीन. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथंही अबकारी म्हणजे सरकारी तिजोरीचा मोठा आधार. म्हणून तर हैदराबादच्या लढ्यात लोकांनी शिंदीची झाडं तोडली. निजामाचं उत्पन्न तोडायचं, हा त्यातला हिशोब होता.

म्हणजे दारूविरुद्ध उभं राहणं आपल्याला नवीन नाही. खानदेशात १९३७-३८ च्या सुमारास गुला महाराजांच्या आरतीला भिल्ल समाज लोटायचा आणि दारू सोडायची शपथ घ्यायचा. पुढं शहादा-तळोद्याला श्रमिक संघटना १९७२ साली उभी राहिली. अंबरसिंग महाराज त्यातले. जमिनी सोडवायच्या आणि मजुरी वाढवून घ्यायची ही तिथली मुख्य कामं. १९७३ साली बायांचं शिबिर झालं आणि बायाच म्हणाल्या, आमचा पहिला प्रश्न दारू आहे. गावोगाव जाऊन त्यांनी मडकी फोडली. तिकडं गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्याची दारूबंदी करून घेतली.

ही सगळी कामं मोठी आहेत. दुकान बंद झालं की नवीन पोरं पिणं शिकत नाहीत, थोडी पिणारा थांबतो. पण प्रत्येक गावात पाच-दहा माणसं अशी असतात, की भट्टी फुटली तरी ती थांबत नाहीत. तीन कोस चालत दुसऱ्या गावाला जातात. मग आपण म्हणतो, ह्याला लाजच नाही. त्याला दंड करतो. तो दंड बायको भरते, शेळी विकून. दारू विकणाऱ्याला झाला नाही तेवढा दंड पिणाऱ्याच्या बायकोला होतो.

ह्या पाच-दहा माणसांबद्दल मी बोलतेय. त्यांचं पिणं आता हौशीचं नाही. तो आजार झालेला आहे.

ओळखायचं कसं? चार गोष्टी बघा. पहिली, सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि दारू पोटात गेल्यावरच थांबतात. दुसरी, आधी एका ग्लासात भागायचं, आता चार लागतात. तिसरी, आज थोडीच घेईन म्हणून जातो आणि थांबता येत नाही. चौथी, पोटात दुखतंय, घर मोडतंय, पोरगं शाळेतून निघालंय, हे सगळं त्याला दिसतंय, तरी सुटत नाही. ह्यातल्या दोन-तीन गोष्टी असल्या की तो माणूस आजारी समजा.

आजार म्हणजे काय होतं, ते सोपं करून सांगते. एका दाराला बाहेरून एक जण रेटतोय. दार उघडू नये म्हणून आतून दुसरा रेटतोय. दोघं सारख्या जोरानं रेटतायत, म्हणून दार जागच्या जागी. दारू मेंदूला बाहेरून रेटते, सुस्त करते. रोज, वर्षानुवर्षं दारू आली, की मेंदूही आतून जोर लावायला शिकतो, जागं राहायला. म्हणून तर चार ग्लास पिऊनही तो चालत घरी येतो. आता एका दिवशी बाहेरचा रेटणारा एकदम बाजूला झाला, तर आतला काय होईल? दारासकट बाहेर कोसळेल. दारू एकदम बंद झाली की मेंदूचं तसंच होतं. आतला जोर मोकाट सुटतो.

म्हणून हे नीट ऐका आणि गावात जाऊन सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जिवाला धोका असतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, उलटी होते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, म्हणजे मिरगी आल्यासारखे झटके. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास व्हायला लागतात. अंगावर किडे चालतायत, भिंतीतून माणसं येतायत, कुणी मारायला टपलंय. दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखता येत नाहीत, अंग तापतं. ह्यात माणूस दगावतो.

आपल्याकडं ह्याला काय म्हणतात? बाहेरची बाधा. देवाची शपथ मोडायचा विचार मनात आला म्हणून देव कोपला. मग त्याला खोलीत कोंडतात, खाटेला बांधतात, भगताला बोलावतात. भगताला बोलवा, माझी ना नाही, त्यानं घरच्यांना धीर येतो. पण आधी गाडी बोलवा. कोंडून ठेवलेल्या खोलीत फीट आली तर बघायलाही कुणी नसतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथून जालन्याच्या सिव्हिलला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीला पाठवतील, घाटीत मनोविकाराचा वेगळा विभाग आहे. डॉक्टरला लपवू नका. किती वर्षं पितो, रोज किती पितो, हातभट्टीची की देशी, शेवटची कधी घेतली, ही चार उत्तरं घरून ठरवून जा. लाजेपोटी "कधीमधी घेतो" असं सांगितलं तर उपचार चुकतो.

दवाखान्यात ह्या पहिल्या टप्प्यात काय करतात? मेंदूचा तो मोकाट जोर हळूहळू उतरवणाऱ्या गोळ्या देतात. पहिल्या दिवशी जास्त, मग रोज कमी करत आठवड्याभरात बंद. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. पिणारा जेवत नाही, आणि ह्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं डोळे, चाल आणि स्मरण कायमचं जाऊ शकतं. पाणी, जेवण, झोप बघतात. त्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून देत बसू नका. त्या गोळ्यांचंही व्यसन लागतं.

आठ दिवसांत माणूस उठून बसतो. भूक लागते, चेहरा उजळतो. घरचे म्हणतात, झालं, सुटली, चला घरी. इथंच घोळ होतो. अंगातली दारू निघाली, पण आजार अजून आत आहे. शेत नांगरलं म्हणजे पीक आलं असं नाही. नांगरट झाली, पेरणी अजून व्हायचीय.

दुसरा टप्पा मनाचा. ह्यासाठी मी तुम्हाला पुण्याच्या मुक्तांगणचं सांगते, कारण ते आपल्या महाराष्ट्रात, आपल्या भाषेत उभं राहिलेलं काम आहे. तेव्हा मुंबई-पुण्यात गर्द नावाची पावडर आली होती. पोरं त्यात बुडत होती. अनिल अवचट ह्या लेखकानं त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि केंद्र काढायला एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. गर्दसाठी निघालं, पण लवकरच तिथं दारूचे रुग्ण जास्त यायला लागले.

तिथला उपचार पाच आठवड्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात मघाशी सांगितलं तसं शरीराचं बघतात. पुढचे चार आठवडे काय करतात? मारत नाहीत, बेडी घालत नाहीत. सकाळी वेळेवर उठायचं, योगासनं, प्रार्थना. केंद्राची झाडलोट, स्वयंपाकघरातली मदत, अशी कामं रुग्णांनीच वाटून घ्यायची. आपल्याला वाटेल, हे कसलं औषध? पण दहा वर्षं ज्या माणसाला कुणी एकही काम विश्वासानं सांगितलेलं नाही, त्याच्या हातात कोठीची जबाबदारी येते. हे औषधच आहे.

मग गटात बसतात. दहा-पंधरा माणसं गोल करून बसतात आणि एकेक जण आपलं सांगतो. पहिले काही दिवस सगळे खोटं बोलतात. बायकोमुळं पितो, कर्जामुळं पितो, काम जड आहे म्हणून पितो. समोर बसलेला हसतो, कारण कालपर्यंत तोही हेच सांगत होता. डॉक्टरपुढं खोटं चालतं, पण पिणाऱ्यापुढं पिणाऱ्याचं खोटं चालत नाही. तिथले कितीतरी कार्यकर्ते स्वतः आधी रुग्ण होते. त्यांना बघून नव्याला वाटतं, हा सुटला, तर मीही सुटेन. समुपदेशक म्हणून एक माणूस असतो. तो उपदेश करत नाही. तो विचारतो, तुला प्यावंसं कधी वाटतं? कुठल्या वाटेनं जाताना? कुणाबरोबर असताना? हातात पैसे आले की? भांडण झालं की? आनंद झाला की? ह्याची यादी करवून घेतो, आणि प्रत्येक वेळेला दुसरं काय करायचं ते ठरवून घेतो.

ह्या गटाच्या रीतीची गोष्ट अमेरिकेतली आहे. १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल कामासाठी आला होता. मोठा पिणारा, थोड्या महिन्यांपूर्वीच सोडलेली. धंदा फिसकटला आणि त्याला दारूची ओढ लागली. तो दारूच्या दुकानात गेला नाही. त्यानं शोधलं, की ह्या गावात दुसरा कुणी पिणारा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. एक सर्जन भेटला, तोही दारूत बुडालेला. दोघं तासन् तास बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस नावाची मंडळी तयार झाली, ती आज आपल्या देशातही आहे. फी नाही. कुणी नाव-गाव विचारत नाही. जन्मभराची शपथ तिथं घालत नाहीत. म्हणतात, आजच्या दिवसापुरती प्यायची नाही. उद्याचं उद्या बघू. आपल्या शपथेत आणि ह्यात फरक बघा. जन्मभराची शपथ एकदा मोडली की माणूस म्हणतो, मोडलीच ना, आता काय राहिलं. आजच्या दिवसाची शपथ मोडली तर उद्या पुन्हा घेता येते.

आता घरच्यांचं. बायांनो, हे तुमच्यासाठी. मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांचा वेगळा गट असतो, त्याचं नाव सहचरी. कारण दारू एक जण पितो आणि आजारी अख्खं घर पडतं. त्या बाईला आधी हे कळावं लागतं, की त्याच्या पिण्याचं कारण ती नाही. सासू म्हणते, तू नीट वागली असतीस तर तो प्याला नसता. हे खोटं आहे. कुणाच्या स्वयंपाकानं कुणी दारुडा होत नाही.

दुसरं, त्याचं झाकणं बंद करा. तो पडलेला असतो आणि तुम्ही मुकादमाला सांगता, ताप आलाय. त्याची उधारी तुम्ही गुपचूप फेडता. मायेनं करता, पण त्यानं दारूचा भार त्याच्या अंगावर पडतच नाही. त्यानं केलेली उधारी त्याला फेडू द्या. मात्र मार सोसू नका. मारहाण हा आजाराचा भाग म्हणून माफ नाही. त्यासाठी संघटनेच्या बाया आहेत. रात्री बेरात्री हाक मारा.

तिसरं, भिंतींवर आणि एसटी स्टँडवर जाहिराती लागतात, "न कळवता दारू सोडवा, जेवणात पावडर मिसळा". असलं काही आणू नका. डायसल्फिराम नावाची एक गोळी खरोखरच असते. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. डॉक्टर ती तपासून, रुग्णाला सांगून, त्याच्या राजीखुशीनं देतात, म्हणजे त्याला भीतीचा आधार राहतो. न सांगता दिली आणि तो पोटभर पिऊन आला, तर जीव जाऊ शकतो. आणि जाहिरातीतल्या पुडीत काय आहे, ते तर देव जाणे.

गर्द, गांजा ह्यांबद्दल एक शब्द. आपली पोरं आता मुंबई-पुण्याला बांधकामावर जातात. गर्द सोडताना हाडं मोडल्यासारखं दुखतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात. त्रास भयंकर, पण सहसा त्यानं जीव जात नाही. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. महिना-दोन महिने बंद ठेवल्यावर शरीराची सवय जाते, आणि मग त्यानं जुन्याच मापानं घेतली तर श्वास थांबतो. पोरगं गावी येऊन बरं झालं आणि पुन्हा त्याच टोळीत शहरात गेलं, तर घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तिसरा टप्पा. हा सगळ्यात लांब, आणि तो दवाखान्यात होत नाही. तो वस्तीवर होतो. पाच आठवड्यांनी माणूस एसटीतून उतरतो, आणि उतरल्यावर पहिला भेटतो तो जुना सोबती. म्हणतो, "अरे वा, साहेब झाला की! चल, आज माझ्याकडून." पुढं पोळा आहे, होळी आहे, मेहुण्याचं लग्न आहे. शनिवारी मजुरी हातात येते, आठवडी बाजार असतो. पहिले तीन महिने अवघड, पहिलं वर्ष जपायचं. पुष्कळ जण ह्या काळात घसरतात. मुक्तांगणचे लोकही पाठपुरावा करतात, परत बोलावतात, ठिकठिकाणी गट घेतात. कारण त्यांना माहीत आहे, की घसरणं हा ह्या आजाराचाच भाग आहे. हिवताप पुन्हा आला तर आपण माणसाला वाळीत टाकतो का? पुन्हा औषध देतो. तसंच इथं. घसरला की "गेला वाया" म्हणायचं नाही. दुसऱ्याच दिवशी धरून गटात बसवायचं. एका दिवसाची घसरण एका दिवसावरच थांबवली तर ती महिन्याची होत नाही.

हे काम डॉक्टर करू शकत नाही. तो जालन्याला आहे. हे आपण करायचं. संघटनेपुढं मी पाच गोष्टी ठेवते. गावच्या बैठकीत चर्चा करा. घाईनं हात वर करून ठरवू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावासारखं, सगळ्यांना पटेपर्यंत बोलत बसा.

पहिली गोष्ट. दंड विकणाऱ्याला करा, पिणाऱ्याला नको. दंडाचे पैसे गावाच्या पेटीत ठेवा आणि त्यातून रुग्णाचं आणि सोबत जाणाऱ्याचं एसटी भाडं द्या. विकणाराही कधी आपल्यातलीच विधवा बाई असते, गुळ-नवसागराचं पिंप चालवून पोरं पोसणारी. दारूबंदीच्या केसमध्ये तारखांना तीच जाते, माल पुरवणारा जात नाही. तिला रोजगार हमीवर काम मिळवून द्यायची जबाबदारी गावाची. ते न करता भट्टी फोडली तर महिन्यात दुसरी लागते.

दुसरी. शपथ घालायची असेल तर घाला, पण ज्याचे सकाळी हात थरथरतात त्याला शपथेच्या आधी दवाखाना.

तिसरी. परत आलेल्या माणसाला एक सोबती द्या. शक्यतो स्वतः सोडलेला. बाजारच्या दिवशी, पोळ्याला, होळीला, लग्नाच्या रात्री तो त्याच्याबरोबर राहील. त्याला काम द्या. नुसता रिकामा बसवून "सांभाळ रे बाबा" म्हटलं तर तो कशानं सांभाळील? संघटनेचं रजिस्टर लिहायला द्या, मोजणीच्या दिवशी साखळी धरायला द्या. आणि "दारुड्या" ही हाक बंद. त्याचं नाव आहे, त्या नावानं बोलवा.

चौथी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, सोडलेले आणि सोडू बघणारे एकत्र बसा. पारावर बसा, शाळेच्या ओट्यावर बसा. दोन माणसं असली तरी बसा. तिथं झालेलं बोलणं बाहेर जाता कामा नये.

पाचवी, जमिनीची. घरात कुणालाही व्यसन असो वा नसो, दंडाच्या पावत्या, नोटिसा, नोंदीचे उतारे ह्यांची एक प्रत संघटनेच्या कार्यालयात ठेवा. कुठल्याही कोऱ्या कागदावर, स्टँपवर अंगठा द्यायचा नाही. द्यायचाच असेल तर बायको आणि गावचे दोन माणसं समोर पाहिजेत. दाव्यात बायकोचंही नाव लावा. नवरा शुद्धीत असो नसो, तिचे हात त्या शेतात रोज आहेत. अर्जावर तिचं नाव असलं, तर तारखेला ती उभी राहू शकते.

देवाला धार घालायची की नाही, हा ज्याचा त्याचा आणि गावाचा प्रश्न आहे. मी त्यात पडत नाही. पण ज्याला आजार झालाय, त्याच्या तळहातावर तीर्थ म्हणूनसुद्धा थेंब ठेवू नका. त्याला पाणी द्या. देव समजून घेईल.

शेवटी कामाचं. आज इथून जाण्याआधी प्रत्येक गावानं दोन नावं लिहून द्यावीत, एक बाई आणि एक माणूस. त्या दोघांना आपण धोक्याच्या खुणा, दवाखान्यात न्यायची रीत आणि गट कसा चालवायचा हे दोन दिवस बसवून शिकवू. पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपण दाव्यांचा आढावा घेऊ, तेव्हा प्रत्येक गावाला हेही विचारू, की किती जण दवाखान्यात गेले, किती जण परत आले, आणि परत आलेल्यांबरोबर कोण बसतंय. मघाशी बिडीला उठलेल्या दादांनी पण नावं द्यायला हरकत नाही.

जमीन आमच्या हक्काची! माणूसही आमच्या हक्काचा!

जोहार.